अजून काही विशेष नाही



गेले तीन-चार आठवडे इकडे फिरकले नाही, म्हणून दोघातिघांनी फोन करून तब्येतीची चौकशी केली. तब्येत उत्तम आहे. गुडघे आपलं काम करताहेत आणि मी माझं. न लिहिण्याचं कारण वेगळंच होतं. आमच्या परसातल्या मधपेटीत नवी राणी आली होती आणि ती अंडी कधी घालते याची मी वाट बघत होते. हसू नका. आमचे हे पण असेच हसले होते. "तू पेटीपुढे बसून राहिलीस म्हणून ती लवकर घालणार आहे का?" असं त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं. प्रश्न बरोबर होता, पण तेव्हा तो मला आवडला नाही.

तर आधी पेटीबद्दल सांगते. नव्या वाचकांना माहीत नसेल. कामठीला आमचं जुनं घर आहे, मागे थोडी जागा आहे. एक कडुनिंब, एक शेवगा, कढीपत्ता आणि थोडी भाजी. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा परसात लक्ष घालायला लागले. माझा एक जुना विद्यार्थी मधमाशापालन करतो. संत्र्याच्या बागांना बहर आला की आपल्या पेट्या तिकडे नेऊन ठेवतो. त्यानेच सहा वर्षांपूर्वी एक पेटी आणून कडुनिंबाखाली ठेवली. "बाई, तुम्ही आम्हाला आयुष्यभर उद्योगी मधमाशीवर निबंध लिहायला लावला. आता खरीखुरी माशी पाहा," म्हणाला. खोटं कशाला बोलू, तो निबंध मी चौतीस वर्षं लिहून घेतला आणि तोवर एकदाही पोळ्यात डोकावले नव्हते. मोहोळ दिसलं की दार लावून घेणाऱ्यांपैकी मी!

पेटीत आहे ती आपली सातेरी माशी. आग्या मोहोळाची माशी मोठी आणि तापट, ती उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, पेटीत राहत नाही. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणून ती पेटीत नांदते. आपल्या भागात हे काम नवीन नाही. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचं ठाणं वर्ध्याला मगनवाडीत होतं. तेलघाणी, हातकागद, गूळ यांच्या बरोबरीने मधमाशापालनही त्यांच्या कामांत होतं. पुढे १९६२ मध्ये पुण्याला खादी ग्रामोद्योग आयोगाची मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था निघाली. महाबळेश्वरकडे तर हा घरोघरचा जोडधंदा आहे. तिथलं मांघर हे २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. आमच्याकडचा उन्हाळा मात्र माश्यांची परीक्षाच बघतो. मे महिन्यात पेटीवर ओलं पोतं टाकावं लागतं आणि जवळ पाण्याचं ताट ठेवावं लागतं, नाहीतर सगळं बिऱ्हाड एका दुपारी उठून निघून जातं.

आता मूळ गोष्ट.

फेब्रुवारीच्या ३ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास पेटीतून माश्यांचा लोंढा बाहेर पडला. अंगणभर नुसता घोंगाट. शेवग्याच्या फांदीवर त्यांचा घोस लटकला, तासाभराने तो उठला आणि कन्हानच्या दिशेने दिसेनासा झाला. वसाहत फुटली होती. हे वाईट नसतं, हे मला आता कळतं. घरात माणसं वाढली की घर वाटून घेतात, तसंच. पण यात एक गंमत आहे. आपल्याकडे वाटणी झाली की म्हातारी माणसं जुन्या घरात राहतात आणि तरुण बाहेर पडतात. माश्यांमध्ये जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते आणि भरलेलं घर, मध-परागासकट, मुलीसाठी सोडून जाते. मुलगी तेव्हा जन्मलेलीसुद्धा नसते.

विद्यार्थी संध्याकाळी आला. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीची घरं लोंबत होती. त्यातलं एक चांगलं त्याने ठेवलं, बाकीची काढली, कारण जास्त राण्या निघाल्या की वसाहत पुन्हा पुन्हा फुटते आणि शेवटी मागे काहीच उरत नाही. १० तारखेला पाहिलं तर त्या शेंगेचं टोक सुबक गोल कापलेलं होतं, झाकणासारखं. म्हणजे राणी नीट बाहेर आली होती. शेंग बाजूने फाडलेली असती, तर आत मेली असं समजायचं.

त्या दिवशी त्याने पेटी बंद केली आणि मला सांगितलं, "बाई, आता दोन आठवडे हात लावायचा नाही. तुम्ही उघडून उघडून पाहून राहिल्या, तर काम बिघडन."

का नाही लावायचा? नवी राणी कोष फोडून निघते तेव्हा ती कुमारी असते. पाच-सात दिवसांत तिचं अंग पक्कं होतं. मग एखाद्या स्वच्छ, उबदार दुपारी ती उडते. तिचं मीलन पेटीत कधीच होत नाही, ते उंच हवेत होतं, आणि एका नराशी नाही, अनेक नरांशी होतं. नर तिथेच मरतो. राणी परत येते आणि मिळालेलं बीज पोटातल्या एका बारीक पिशवीत जन्मभर पुरवते. परतल्यावर दोन-तीन दिवसांनी अंडी सुरू होतात. या काळात ती बुजरी असते. पेटी उघडली, धूर दिला, चौकटी हलवल्या, तर कामकरी माश्या बिथरतात आणि कधी कधी आपल्याच राणीभोवती गच्च गोळा होऊन तिला मारून टाकतात. उडून परत येताना पेटी उघडी किंवा सरकलेली दिसली, तर ती घर चुकते. म्हणजे माझं कुतूहल तिच्या जिवावर उठणार!

ही उड्डाणाची गोष्ट माणसाला कळायलाच किती वर्षं लागली! पोळ्यातली मोठी माशी हा राजा आहे, असं जुने लोक धरून चालले होते. तो राजा नसून मादी आहे हे पटायलाही शेकडो वर्षं गेली. स्वित्झर्लंडमध्ये फ्रांस्वा ह्यूबर नावाचे एक अभ्यासक होऊन गेले. ते आंधळे होते. त्यांचा सेवक डोळ्यांनी बघायचा आणि सांगायचा, ह्यूबर प्रश्न विचारायचे आणि विचार करायचे. १७९२ साली त्यांचं पुस्तक निघालं. राणीचं मीलन पेटीबाहेर होतं हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिलं. त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. राणीला काही कारणाने तीनेक आठवडे बाहेर पडताच आलं नाही, तर पुढे ती जी अंडी घालते त्यातून फक्त नरच निघतात. नर मध आणत नाहीत, पिल्लं सांभाळत नाहीत. वसाहत हळूहळू संपते. ज्या माणसाला पेटीत डोकावताच येत नव्हतं, त्याने पेटीबद्दल इतकं शोधून काढलं, आणि मला डोळे असून दोन आठवडे धीर धरवेना.

मराठीचा तास घेतल्यासारखं होईल, पण सांगते. आपण 'वाट पाहणे' म्हणतो ते किती नेमकं आहे! वाट पाहायची असते, म्हणजे येणाऱ्याचा रस्ता पाहायचा. पेटी पाहायची नसते. मी दुपारी दोन ते चार कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसू लागले. पेटी न उघडताही पुष्कळ कळतं. राणी गेली असेल तर आतला गुंजारव बदलतो, लांबट, रडवेला होतो. राणी आहे आणि पिल्लांची तयारी आहे, तर माश्या मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या आणतात. फुलावर आलेला सांभार आणि शेवगा दोन्ही जवळच होते, तेव्हा ये-जा चांगली होती. समोरच्या विजेच्या तारेवर वेडा राघू येऊन बसायचा आणि तिथूनच सूर मारून माश्या टिपायचा. एरवी मला तो पक्षी फार आवडतो. त्या दिवसांत मी त्याला टाळ्या वाजवून हाकलत होते. हजारात एकच राणी, आणि तीही आयुष्यात मोजक्याच वेळा बाहेर पडणार. नेमकी तीच याच्या चोचीत गेली तर?

मग १७ तारखेपासून आभाळ भरून आलं. अवकाळी पाऊस, वारा. चार दिवस ऊन नाही. राणी अशा हवेत उडत नाही. मी मनातल्या मनात तारखा मोजत होते. १० तारखेला निघाली, तर ३ मार्चला एकवीस दिवस होतात. ह्यूबरसाहेबांचे तीन आठवडे!

मोजायला कारणही तसंच होतं. कामाच्या हंगामात कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. अंड्यापासून नवी कामकरी तयार व्हायला तीनेक आठवडे लागतात. म्हणजे नवी राणी वेळेत लागली नाही, तर जुन्या माश्या मरत जातात आणि त्यांच्या जागी यायला कोणी नसतं. त्यातून सातेरीत आणखी एक पंचाईत आहे. राणी नसल्याचं जाणवलं की काही कामकऱ्या स्वतःच अंडी घालू लागतात. एका घरात दोन, तीन, कशीही. मीलन झालेलं नसल्यामुळे त्यांतून फक्त नर निघतात. एकदा तसं सुरू झालं की त्या पेटीला नवी राणी देणंही कठीण होतं.

२४ तारखेला, विद्यार्थ्याने सांगितलेला काळ संपल्यावर, आम्ही पेटी उघडली. मी चष्म्यावर भिंग धरून घरं न् घरं पाहिली. राणी होती, आम्हाला दिसली. सडपातळ, घाबरट, चौकटीवरून सारखी पळणारी. पण अंडं एकही नाही. घरं मात्र स्वच्छ, घासूनपुसून चकचकीत ठेवलेली. जणू लग्नघरातली सारवलेली जमीन. ते बघून मला अगदी गलबलून आलं.

आता जे सांगायचंय, ते मी दोन दिवस लिहून खोडते आहे.

नात्यातल्या एका लग्नासाठी मुलगा आणि सूनबाई पुण्याहून आले होते. २६ तारखेची गोष्ट. मी पुढच्या खोलीत फोनवर होते. ऐकू कमी येतं, म्हणून बोलते मोठ्याने. मी विद्यार्थ्याला सांगत होते, "नाही रे बाबा, अजून काहीच नाही. इतके दिवस झाले. सगळं नीट आहे, खायला-प्यायला आहे, तरी नाही. किती दिवस वाट बघायची? बदलायची का सरळ?"

मागे वळले तर दारात सूनबाई चहाचा ट्रे घेऊन उभी.

तिच्या लग्नाला पाच वर्षं झाली आहेत. मूल नाही. का नाही, हे मला माहीत नाही आणि ते तुम्हाला सांगायचा माझा अधिकारही नाही. त्या क्षणी मला एवढंच कळलं, की मी जे वाक्य बोलले ते तिने आपल्या घरात, आपल्या लग्नकार्यांत, वेगवेगळ्या शब्दांत किती वेळा ऐकलं असेल! आदल्याच दिवशी हळदीच्या कार्यक्रमात एक बाई तिला म्हणाल्या होत्या, "काय वो सूनबाई, काही विशेष?" ती हसून "अजून काही विशेष नाही" म्हणाली होती. मी शेजारीच बसले होते. मी काय केलं? मीही हसले.

ट्रे टेबलावर ठेवून ती म्हणाली, "आई, चार दिवस द्या की तिला. इतका पाऊस होता."

बस्स. एवढंच. आणि आत गेली.

मंडळी, मी स्वतः या वाटेने गेले आहे. माझं लग्न १९७४ ला झालं आणि थोरली १९८१ ला. मधली सात वर्षं मला कोणी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही, फक्त तो एक प्रश्न आठवतो. शाळेच्या स्टाफरूममध्ये, नळावर, संक्रांतीच्या वाणाबरोबर. सासूबाईंनी कोराडीच्या देवीला नवस बोलला, रामटेकच्या पायऱ्या माझ्याकडून अनवाणी चढवून घेतल्या. त्या दुष्ट नव्हत्या हो. माझ्या बाळंतपणात त्यांनी रात्री जागून काढल्या. पण त्या सात वर्षांत तपासणीला फक्त मीच गेले. यांना कोणी "तुम्ही पण दाखवा" म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही. तेव्हा मी शपथ घेतली होती, की माझ्या सुनेला मी हे कधी विचारणार नाही. आणि शपथ मी अक्षरशः पाळली! पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही. फक्त दर फोनवर कोणाच्या घरी बारसं झालं ते सांगितलं. फक्त कपाटातली जुनी दुपटी एकदा उन्हात घातली, ती नेमकी ते दोघं आलेले असताना. पेटी न उघडता नुसती टिचक्या मारून बघणं याला दुसरं काय म्हणतात?

त्या रात्री झोप आली नाही. पेटी आणि घर, दोन्ही डोळ्यांपुढे येत होतं. मला जे सुचलं ते मांडते. पटतं का बघा.

पहिली गोष्ट. राणीने अंडी घातली नाहीत की आपण म्हणतो राणी खराब. पण खरं बघितलं तर त्यात तिच्या हातात किती असतं? ऊन पडलं पाहिजे, वारा नको, आसपासच्या वसाहतींत वयात आलेले नर पाहिजेत, तारेवर वेडा राघू नको. आणि राणी म्हणतात तरी ती राज्य कुठे करते? तिला घडवतात कामकऱ्या. ज्या अंड्यातून कामकरी निघते त्याच अंड्यातून, वेगळं खाणं देऊन, राणी तयार होते. सगळ्या बाजूंनी बांधलेल्या जिवाला राणी म्हणायचं आणि सगळा दोष त्याच्याच पदरात घालायचा, ही माणसांचीच युक्ती. घरातही तेच. डॉक्टर कधीपासून सांगतात, की मूल न होण्याचं कारण नवऱ्याकडेही तितकंच असू शकतं, तपासणी दोघांचीही एकाच वेळी करा. पण "काही विशेष?" हा प्रश्न मी आजवर कोणी नवऱ्याला विचारलेला ऐकला नाही. माझ्या मुलालाही नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पेटीची उपमा घराला लागूच होत नाही! आपण मास्तर मंडळी मधमाशीकडून हे शिका, मुंगीकडून ते शिका असं सांगत आलो. ही शिकवण मात्र कृपा करून घेऊ नका. माशीची राणी अंडी घालण्यासाठीच आहे, तिला दुसरं कामच नाही. अंडी नाहीत तर पेटी मरते, म्हणून राणी बदलणं हा तिथे व्यवहार आहे, क्रूरपणा नाही. माझी सून ही कुठल्या पेटीची राणी नाही. ती सकाळी साडेआठला लोकलने कामाला जाणारी, भाकरी माझ्यापेक्षा चांगली थापणारी, माझ्या मुलाच्या वेंधळेपणावर मनापासून हसणारी एक बाई आहे. तिला मूल झालं तरी ती तीच, नाही झालं तरी तीच, आणि नकोच असेल तरीही तीच. माश्यांचे सहा आठवडे मोजणीचे आहेत. तिचे दिवस मोजायचं काम कोणी कोणाला दिलेलं नाही.

मग घाई कोणाची होती? हे कबूल करायला मला जड जातंय. पेटीत घाई राणीची नसते. म्हाताऱ्या होत चाललेल्या कामकऱ्यांचे दिवस भरत आलेले असतात. सासूबाई म्हणायच्या, "डोळे मिटायच्या आधी बघू दे गं." आता मी चौऱ्याहत्तरची आहे. तेच वाक्य माझ्या ओठांवर येतं, मी ते गिळते, पण ते असतं. ते माझं दुखणं आहे. ते माझ्यापाशी राहावं. तिच्या पदरात बांधू नये.

आणि त्या कामकऱ्या तरी काय करतात? राणीला ढोसत बसत नाहीत. घरं साफ करून ठेवतात, पराग आणतात, दारावर पहारा करतात. विद्यार्थी सांगत होता, पिल्लं भरवायचं काम नसलं की त्या नेहमीपेक्षा थोड्या जास्तच जगतात. ऐकून बरं वाटलं. म्हटलं, आपल्यालाही चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई केस विंचरत होती, तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, ते एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. एवढंच म्हणाले, "काल मी फोनवर माशीबद्दल बोलत होते गं. पण चुकलं ते चुकलंच. त्या बाईंसमोर मी गप्प बसले, तेही चुकलं." तिने फणी खाली ठेवली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, पेटी दाखवाल का मला?" आम्ही दोघी कडुनिंबाखाली अर्धा तास बसलो. लख्ख ऊन होतं. पेटी उघडली नाही. नुसती वाट पाहिली.

हे लिहायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. तिने एक वाक्य काढायला लावलं, ते काढलं.

१ मार्चला विद्यार्थी आला. त्याची तयारी दोन्ही बाजूंनी होती. राणी लागली नसेल तर तिला काढून, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून ही वसाहत दुसऱ्या पेटीला जोडायची, असं ठरलं होतं. कागद कुरतडून होईपर्यंत दोन्हीकडच्या माश्यांना एकमेकींच्या वासाची सवय होते, मग भांडण होत नाही. यांनी आदल्या दिवशीचा पेपर स्वतःहून काढून दिला होता. मधली चौकट त्याने उन्हाकडे तिरकी धरली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. मी भिंग धरलं. घराच्या तळाशी, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, पांढरं, सरळ उभं असं एक. शेजारच्या घरात एक. त्याच्या शेजारी एक. प्रत्येक घरात एकच, अगदी मधोमध. उभं अंडं म्हणजे ताजं. जसजसा दिवस जातो तसं ते कलतं, आणि तिसऱ्या दिवसानंतर त्यातून अळी निघते. आता या अंड्यांतून कामकऱ्या निघतात की नर, हे घरांवर टोप्या बसल्या की कळेल. नराच्या घराची टोपी फुगीर असते आणि सातेरीत तिला मधोमध बारीक छिद्र असतं. म्हणजे अजून थोडं थांबायचंच आहे. पण या वेळी मी खुर्ची दूर ठेवली आहे.

संध्याकाळी पुण्याहून सूनबाईचा फोन आला. "घातली का हो?" मी म्हटलं, "घातली." तिकडून तिने मुलाला ओरडून सांगितलेलं ऐकू आलं. मग आम्ही ऑफिस, पुण्यातला उकाडा आणि कैरीच्या लोणच्याबद्दल बोललो. कोणाचं बारसं झालं ते मी सांगितलं नाही.

आता शेवटचं, आणि हे खास नातेवाइकांसाठी. तुम्ही वाचता हे मला ठाऊक आहे. मे महिन्यात दोघंही कामठीला येणार आहेत, तेव्हा तुमचंही येणं-जाणं होईलच. तिला पुष्कळ गोष्टी विचारता येतील. नोकरी कशी चालली आहे, पुण्यात पाणी येतं का, नागपूरचं ऊन सोसतं का, सासू जास्त बोलते का. त्या एका प्रश्नाची हुक्की आलीच, तर माझ्याकडे या. मी चहा करीन आणि तुम्हाला पेटी दाखवीन.

बाहेरूनच.